शाल, श्रीफळ आणि मस्टर

(द्वितीय वर्ष, कला)

सत्काराची हौस आपल्या भागाला फार. गणेशोत्सवात सत्कार, जयंतीला सत्कार, दहावीचा निकाल लागला की सत्कार, निवडून आला की सत्कार आणि पडला तरी 'झुंज दिली' म्हणून सत्कार. फेटा तयारच असतो, बांधायला डोके तेवढे हवे. त्यात हल्ली उद्योजकांच्या सत्काराची भर पडली आहे. ही भर चांगली आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचे वाचून कुणी म्हणेल की, या पोरीला कुणाचे चांगले झालेले बघवत नाही. चार घरच्या चुली पेटत्या ठेवणाऱ्या माणसाच्या गळ्यात हार पडला तर वाईट कशाला वाटावे? माझे म्हणणे एवढेच आहे की, 'रोजगारनिर्मिती'च्या नावाने हार घालायचा तर त्या रोजगाराची मोजदाद कुणीतरी करावयास हवी. ती मोजदाद मस्टरवर होते. आणि व्यासपीठावर शाल येते, श्रीफळ येते, मानचिन्ह येते. मस्टर काही येत नाही.

सरकारी पुरस्कारापासूनच सुरुवात करू. १९७८ सालच्या मे महिन्यापासून देशात जिल्हा उद्योग केंद्रे सुरू झाली. छोट्या धंदेवाल्याला परवाना, कर्ज, जागा, सल्ला हे सारे एका छपराखाली मिळावे, हा त्यामागचा हेतू. आपल्या राज्यात या केंद्रांमार्फत लघुउद्योजकांना 'जिल्हा पुरस्कार' दिला जातो. त्यासाठी उद्योजकाने स्वतः अर्ज करायचा असतो. कारखान्याची नोंदणी किमान ३ वर्षांपूर्वीची हवी, सलग २ वर्षे उत्पादन चालू हवे, मालक कोणत्याही वित्तसंस्थेचा थकबाकीदार नसावा, अशा अटी आहेत. पहिल्याला १५,००० रुपये, दुसऱ्याला १०,००० रुपये, शिवाय शाल, श्रीफळ आणि मानचिन्ह. आजच्या बाजारात एवढ्या पैशांत कारखान्याचे काय होते? म्हणजे पैशासाठी कुणी अर्ज करीत नसणार, मानासाठीच करीत असणार. आणि मानासाठी करीत असेल तर तो मान कशाबद्दल आहे, हे नीट ठरलेले बरे.

आता 'लहान उद्योग' म्हणजे काय ते पाहा. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या व्याख्येप्रमाणे ज्याची यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत आहे, तो 'सूक्ष्म' उद्योग. १०० कोटींपर्यंत उलाढाल असलेला 'लघु', आणि ५०० कोटींपर्यंतचा 'मध्यम'. या व्याख्येत पैसा दोन ठिकाणी आहे, माणूस एकाही ठिकाणी नाही. आमच्या गल्लीतल्या एक काकू घरीच चिवडा, चकली आणि कडक भाकरी करून विकतात. त्या आणि नऊ कोटींची उलाढाल करणारा शिरोलीतला एखादा कारखानदार, हे दोघेही सरकारच्या लेखी एकाच ओळीत 'सूक्ष्म' म्हणून बसले आहेत. काकूंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मग त्यास्नी म्हणावं एक दिस माझ्या चुलीपुढं बसून बघा."

या काकूंची हकिकत जरा सविस्तर सांगते, कारण पुरस्काराच्या कुठल्याच फॉर्ममध्ये ती बसत नाही. सुरुवातीला त्या एकट्या होत्या. मग जाऊ आली, मग शेजारची एक विधवा बाई, मग आणखी दोघी. आज पाच बायका आहेत. आठवडी बाजाराला आणि दिवाळीच्या आधी त्या सातआठ होतात. म्हणजे एकीच्या पाच झाल्या. एखाद्या मोठ्या कारखान्याने १०० माणसांची ५०० केली असती तर केवढा गाजावाजा झाला असता! काकूंच्या धंद्याला नोंदणी नाही, हिशेब वहीच्या मागच्या पानावर. त्यांना मी विचारले, "काकू, आणखी दोघी कायमच्या का घेत नाही?" तर म्हणाल्या, "माणसं वाढली की कागद वाढतो बाई. कागदाचं कोण बघणार?"

काकूंचे हे एक वाक्य आमच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकातील एका अख्ख्या प्रकरणाला पुरून उरेल असे आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीप्रमाणे देशात सूक्ष्म, लघु व मध्यम मिळून ६ कोटी ३४ लाख उद्योग होते आणि त्यांत ११ कोटी १० लाख माणसे कामाला होती. भागाकार करून पाहा. एका उद्योगामागे दोन माणसेही येत नाहीत, आणि त्यांतला एक तर मालक स्वतःच! या ६ कोटी ३४ लाखांपैकी 'लघु' म्हणावेत असे फक्त ३ लाख ३१ हजार आणि 'मध्यम' अवघे ५ हजार. बाकी सगळा समुद्र सूक्ष्मांचा. भाषणांत जेव्हा म्हणतात की, लहान उद्योग देशाला रोजगार देतात, तेव्हा ते खरेच असते. पण त्यातला बराचसा रोजगार म्हणजे माणसाने नाइलाजाने स्वतःच स्वतःला दिलेले काम असते. पानपट्टी टाकलेला पदवीधर हा उद्योजक की बेकार, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेले नाही.

लहान उद्योग रोजगार देतात, या विचाराला जोर आला तो अमेरिकेत. १९७९ साली डेव्हिड बर्च नावाच्या संशोधकाने दाखवून दिले की, १९६९ ते १९७६ या काळात तिथल्या नव्या नोकऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नोकऱ्या २० किंवा त्याहून कमी माणसांच्या धंद्यांनी दिल्या. जगभरची सरकारे या आकड्यावर खूष झाली. पुढे २०१३ साली हॉल्टिवांगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच गणित पुन्हा मांडले, तेव्हा असे निघाले की, खरा गुण लहानपणात नसून कोवळेपणात आहे. नवा निघालेला धंदा माणसे वाढवतो (आणि बुडतोही सर्वांत अधिक). वर्षानुवर्षे लहानच राहिलेला धंदा फारशी वाढवीत नाही. आता आपल्या ३ वर्षांच्या अटीकडे पुन्हा पाहा. ज्या वयात धंदा माणसे घेतो, नेमके तेच वय आपण पुरस्कारातून वगळले आहे. पहिल्या वर्षीच कुणाला ढाल दिली आणि दुसऱ्या वर्षी त्याने कुलूप लावले तर हसे होईल, ही भीती मला समजते. तरी पण ही अट किती माणसांना दाराबाहेर ठेवते, तेही समजले पाहिजे.

आपल्याकडे धंदे का वाढत नाहीत? २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या श्ये आणि क्लेनाऊ या दोघांच्या अभ्यासात एक तुलना आहे. अमेरिकेत ४० वर्षे टिकलेला कारखाना नव्या कारखान्याच्या सातपटीहून अधिक माणसे कामाला ठेवतो. भारतात ४० वर्षांचा कारखाना नव्यापेक्षा फक्त ४० टक्के अधिक. हे वाचल्यावर मी आपल्या भागातील ओळखीच्या वर्कशॉपांची मनातल्या मनात यादी केली. आजोबांच्या वेळी एक लेथ आणि तीन माणसे, नातवाच्या वेळी तीन लेथ आणि चार माणसे, असे चित्र निघाले.

याला सगळेच मालक जबाबदार आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. सरकारनेच कित्येक वर्षे लहान राहण्याला बक्षीस दिले आहे. १९६७ साली ४७ वस्तू फक्त लघुउद्योगांनीच बनवाव्यात असे ठरले. ती यादी वाढत वाढत ८३६ वस्तूंपर्यंत गेली. हेतू चांगला होता. मोठ्या माशाने लहानाला गिळू नये. पण त्याचा अर्थ असाही झाला की, ती वस्तू बनवणाऱ्याने मोठे व्हायचेच नाही. वाढलास की संरक्षण गेले! ही यादी पूर्णपणे संपायला २०१५ साल उजाडले. कामगार कायद्यांचेही तसेच. १० माणसे झाली की राज्य कामगार विमा, २० झाली की भविष्यनिर्वाह निधी. कामगाराच्या दृष्टीने हे आकडे म्हणजे आधार आहेत आणि ते गेले पाहिजेत असे मी मुळीच म्हणणार नाही. परंतु एकाच माणसाच्या भरतीने मालकाचा खर्च आणि कागदपत्रे एकदम उडी मारतात, तेव्हा तो १९ वर थांबतो, किंवा भावाच्या नावाने शेजारी दुसरा गाळा काढतो, किंवा विसावा माणूस कंत्राटदाराच्या खात्यावर लिहितो. या तिसऱ्या वाटेची मला घरातच ओळख आहे.

माझे वडील, म्हणजे आबा, ११ वर्षे एका फौंड्रीत मोल्डिंगला आहेत. वाळूचे साचे भरायचे, भट्टीतून आलेला रस ओतायचा, ऊन-पाऊस काही नाही. त्यांच्या मालकांना मध्यंतरी एक पुरस्कार मिळाला. कुठला, कुणी दिला ते इथे लिहीत नाही. बातमीत छापून आले की, मालकांनी चाळीसजणांना रोजगार दिला. त्या चाळिसांत आबा होते. पण कारखान्याच्या मस्टरवर आबांचे नाव नाही. ते कंत्राटदाराकडे आहे, आणि कंत्राटदार आजवर तीन बदलले. प्रत्येक वेळी आबा नवे झाले. ११ वर्षांचा माणूस दर काही वर्षांनी 'नवा' होतो, ही जादू फक्त कागदावरच घडू शकते! सत्काराच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पेढे मिळाले. आबा खूष होते. "मालकाचा सत्कार म्हंजे आपलाच की गं," असे म्हणाले. आई भाकऱ्या थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मग आपली शाल कुटं हाय?" आबा हसले. मला मात्र त्या रात्री हसू आले नाही.

त्याच मालकांची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि कितीतरी दिवस कामावर जाणेच शक्य नव्हते. पुढच्याच वर्षी टाळेबंदी. भट्ट्या थंड पडल्या. त्या टाळेबंदीत या मालकांनी दोन महिने निम्मा पगार प्रत्येकाच्या घरी पोहोचवला. मस्टरवर असलेल्यालाही आणि नसलेल्यालाही. त्या पैशांतून आमचे रेशन आले, माझा शाळेचा खर्चही त्यातूनच निघाला. हे खरे तर पुरस्काराचे काम. पण त्यांच्या सत्काराच्या बातमीत उलाढाल होती, नवीन आणलेले यंत्र होते, निर्यात करण्याचा मनोदय होता. हे दोन महिने नव्हते. कुणी विचारलेच नाही, म्हणून त्यांनीही सांगितले नसावे.

आमच्या वर्गात यावर वाद झाला तेव्हा आमचे सर म्हणाले, "धोका कोण पत्करतो? घर गहाण कोण टाकतो? पुरस्कार धोक्याला असतो." हे म्हणणे वजनदार आहे. मजूर संध्याकाळी हात धुऊन घरी जातो. मालकाला हप्त्याची तारीख झोपू देत नाही. किर्लोस्करांचेच उदाहरण घ्या, आपल्यापासून काही फार लांब नाही. १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान, मग चारा कापायची यंत्रे आणि लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली म्हणतात. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर जागा दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगर विकले जात नव्हते त्या दोन वर्षांत उलाढाल बघून पुरस्कार द्यायचा असता, तर लक्ष्मणरावांना कुणी उभेही केले नसते. मला त्यांच्या गोष्टीत अधिक मोलाचे वाटते ते वेगळेच. त्यांनी त्या माळावर राखणदार नेमले ते शिक्षा भोगून आलेले, ज्यांना दुसरे कुणी दारात उभे करीत नव्हते. ज्याला कुणीच काम देत नाही त्याला काम देणे हाही एक धोकाच आहे, आणि सरांच्या तराजूत तोही बसायला हरकत नाही.

यंत्रांबद्दलही थोडे बोलले पाहिजे. नवे संगणकावर चालणारे यंत्र आणले की चार माणसांचे काम एक माणूस करतो. उलाढाल दुप्पट, माणसे निम्मी. यात मालकाने पाप केले असे नाही. यंत्र घेतले नाही तर पुण्या-चाकणची ऑर्डर दुसरीकडे जाते आणि उरलेली माणसेही घरी बसतात. अशा मालकाचा जरूर गौरव करा. उत्पादकतेचा करा, गुणवत्तेचा करा. रोजगाराचा मात्र करू नका, एवढेच.

आणखी एक गोष्ट पुरस्कारांच्या फॉर्ममध्ये असायलाच हवी, आणि ती म्हणजे पैसे चुकते करण्याची सवय. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले पाहिजेत. न दिल्यास बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. १ एप्रिल २०२४ पासून आयकराच्या नियमांतही याची काठी उगारली आहे. पण कायद्याने मिळणारे व्याज मागायला गेलेल्याला पुढची ऑर्डर मिळते का? जॉबवर्क करणाऱ्या कोणत्याही लहान वर्कशॉपवाल्याला विचारा, तो आधी इकडेतिकडे बघेल आणि मग बोलेल. वरच्याने पैसे थकवले की खालचा मालक पगार थकवतो, पगार थकला की किराणा दुकानदाराची उधारी थकते. इचलकरंजीच्या मागवाल्यापासून हुपरीच्या चांदीवाल्यापर्यंत, ज्याला त्याला ही साखळी ठाऊक. म्हणून ज्याचे स्वतःचे येणे ९० दिवसांनी येते आणि तरीही जो १० तारखेला पगार करतो, तो मालक मला उलाढालवाल्यापेक्षा मोठा वाटतो.

तेव्हा फॉर्ममध्ये विचारायचे ते साधे आहे. ३ वर्षांपूर्वी मस्टरवर किती नावे होती, आज किती आहेत, आणि त्यांतली तीच नावे किती? कंत्राटदाराकडची किती? बायका किती? वाईट महिन्यांत माणसांचे काय केले? आणि उत्तरे मालकाने एकट्याने भरू नयेत. कारखान्यातल्या सर्वांत जुन्या दोन कामगारांची सही त्यावर असावी. समारंभातही त्यांतल्या एकाला वर बोलवावे. एक जादा शाल कितीशी महाग पडते? काकूंसारख्यांना अर्ज करता येणार नाही. त्यांच्याकडे उद्योग केंद्राने, नगरपरिषदेने किंवा कॉलेजनेच चालत गेले पाहिजे.

मी हे सगळे इतक्या तळमळीने का लिहिते, असे काही मैत्रिणींनी विचारले. त्यांनाच उलटा प्रश्न विचारते. आपल्यापैकी कितीजणींना पुण्याला नोकरीला पाठवतील? माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. इथवर येण्यासाठी आईने दोन मामांची समजूत काढली आहे. माझ्यासाठी नोकरी म्हणजे वडगावच्या स्टँडवरून सकाळी निघून दिवेलागणीला परत येता येईल एवढ्या अंतरावरची नोकरी. मार्च २०२३ पासून एस.टी.त आम्हा बायकांना अर्धे तिकीट झाले, फार चांगले झाले. पण त्या अर्ध्या तिकिटावर जायचे कुठे? शिरोली, हातकणंगले, वारणानगर, फार तर कागल. या टापूत मोठी कंपनी काही आमच्यासाठी येणार नाही. जे आहे ते दहा-बारा माणसांच्या वर्कशॉपांत, दुकानांत, छापखान्यांत, काकूंसारख्यांच्या पडवीत आहे. तिथे बाराची पंधरा झाली तर त्या तिघांत बी.ए. झालेली एखादी मुलगी हिशेबाला बसेल. दुप्पट उलाढाल होऊनही बाराची दहा झाली, तर त्या मालकाच्या सत्काराला टाळ्या वाजवायला मी बोलावल्यासारखी जाईन, पण घरी येऊन आईला काय सांगू?

आपल्या स्नेहसंमेलनाला यंदा एखादे स्थानिक उद्योजक पाहुणे म्हणून यावेत, अशी चर्चा कानावर आहे. यावेत. पण त्याआधी अर्थशास्त्र विभागाने एक काम हाती घ्यावे अशी माझी विनंती आहे. वडगाव शहरातले प्रत्येक दुकान, वर्कशॉप, पिठाची गिरणी, शिलाईघर मोजावे आणि फक्त दोन आकडे लिहून आणावेत: ३ वर्षांपूर्वी माणसे किती, आज किती. ज्यांचे आकडे चांगले निघतील त्यांतूनच पाहुणे निवडावेत, मग ते पडवीत चकल्या तळणारे का असेनात. मोजायला आम्ही सहाजणी तयार आहोत. वह्या आमच्या, चपला आमच्या. सरांनी फक्त वार सांगावा. बाजाराचा दिवस सोडून कोणताही चालेल, त्या दिवशी कुणाला बोलायला सवड नसते.